पुढची दोन, मागची दोन

गोरेगाव,
१२ मे २०२४

इवाई मनिरामजी गजभिये यांना भैयालाल मेश्रामचा सप्रेम जयभीम.

काल फोन केला होता. तुमी 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिले अन् मी बोंबलत राहिलो. आखरीले आमच्या घरवालीनं, कलाबाईनं, फोन हिसकला. म्हणाली, "अख्खं गोरेगाव ऐकून राहिलं, एका इवाईलेच ऐकू येऊन नाही राहिलं." एसटी चालवून चालवून तुमचे कान गेले, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून लिहितो.

गोष्ट टायरची आहे. तुमची अल्का अन् माझा लोकेश आमगावात किरायानं राहतात. लोकेश रोज रेल्वेनं गोंदियाले कामावर जाते. अल्का ढोरांच्या दवाखान्यात आहे, दरेकसाकडच्या बारक्या बारक्या वस्त्यायनं, टोल्याटोल्यानं गायीम्हशीले लस टोचत फिरते. मागच्या साली त्यायनं ती जुनी पांढरी कार घेतली. लोकेश सांगते, पहाटे अल्काले गावात सोडून देतो, मंग ड्यूटीवर जातो. पोरगा दमून जात असेल, पण बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी आमगावले गेलो तं पुढचे दोन टायर पाहून माझं डोकंच फिरलं. अंड्यासारखे गुळगुळीत! नक्षीचा पत्ता नाही. आता मी ट्रॅक्टर ठेवणारा माणूस, टायर मले समजते. चिखलातून ट्रॅक्टर कायच्यानं निघते? मोठमोठ्या रबरी गुटक्यानं. म्हणून गोंदियातल्या ओळखीच्या दुकानातून दोन बटन टायर आणले. एकदम दणकट. सोता उभा राहून पुढं टाकून दिले.

तं लोकेश 'बरं' म्हणून आत गेला. सून बाहेर आली, टायरवर हात फिरवला अन् म्हणाली, "मामाजी, डांबरी रस्त्यावर हे लय आवाज करतील." करू दे ना आवाज! ढोरं तरी बाजूले होतील. आजकालच्या लेकरायले चांगलं केलं तरी चांगलं वाटत नाही. तुमी बाप आहा, तिले जरा समजावून सांगा.

तुमचा,
भैयालाल

---

नवेगाव बांध,
२१ मे २०२४

भैयालालजी,
सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मंग पाणी प्यायलो.

तुमी कारचं ट्रॅक्टर करून टाकलं जी! शेतात ट्रॅक्टर चालते म्हणून तोच टायर डांबरावर चालते का? बटन टायरच्या गुटक्यायच्या मधात मोकळी जागा मोठी. चिखल बाहेर फेकाले ते बरं. पण ओल्या डांबरावर रस्त्याले टेकते काय? गुटक्यायचं डोकं तेवढं. साध्या टायरचे चर पाणी बाजूले सारतात अन् बाकीचं रबर रस्त्याले धरून राहते. दरेकसाचा रस्ता डोंगरातला, उताराचा, वळणाचा. पाऊस तोंडावर आला. जावई रोज त्या रस्त्यानं गाडी नेते अन् तुमी त्याच्या पायात खडावा घालून देता?

पत्रानं तुमी ऐकणार नाही हे मले माहीत आहे. म्हणून मी करूनच आलो.

तुमाले माहीत नसेल, माझ्या घरी दोन टायर ठेवून होते. रिटायर झालो तेव्हा एक व्हॅन घ्यायची होती. अल्काच्या आईले त्यात बसवून नागपूरले दीक्षाभूमीवर न्यायचं ठरलं होतं. टायर चांगले भेटले म्हणून आधीच घेऊन ठेवले. व्हॅन घ्यायच्या आत तिचं दुखणं निघालं. ती गेली, व्हॅन राहिली. टायर मी पोत्यात गुंडाळून ठेवले होते. एकही दिवस रस्त्यावर गेले नाहीत. नक्षी पूर्ण, अंगावर रबराचे केसही तसेच. साइज बी तेरा इंचाचीच. आपल्या तलावाची मासोळी नेणारी पिकअप आमगावकडे जात होती, तिच्यात टाकून नेले. जरासा वास येते, जाईल.

रविवार होता. अल्का लशी आणायले गोंदियाले गेली होती. जावई घरी होते, 'कराजी' म्हणाले. तुमचे बटन टायर काढून अंगणात ठेवले आहेत. त्यात झाडं लावता येतील.

सांजच्याले अल्का आली. टायर पाहिले अन् ओळखले. तिच्या डोळ्यात पाणीच आलं. लेकीले आईची आठवण अन् बापाची किंमत दोन्ही कळली, एवढंच मी म्हणतो.

तुमचा,
मनिराम

---

गोरेगाव,
९ जून २०२४

इवाईजींना सप्रेम जयभीम.

झाडं लावा म्हणता? माझ्या टायरात?

तुमचं पत्र आलं तवापासून माझं जेवणावर मन नव्हतं. काल आमगावले जाऊन आलो. चष्मा लावून, उकिडवा बसून तुमचे 'नवे कोरे' टायर पाहिले. बाजूनं बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात धानाच्या बांधीले पडतात तशा. नख दाबलं तं रबर दबत नाही, लाकडासारखं कडक. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, शेजारच्या गॅरेजवाल्यानं दाखवले. तुमच्या टायरवर २२१६. म्हणजे दोन हजार सोळाच्या सालातला बाविसावा हप्ता. टायर नवा कोरा अन् आठ वर्षाचा, दोन्ही कसं होईल जी? पोत्यात ठेवलं म्हणजे वय थांबते का? तसं असतं तं मीच पोत्यात बसलो असतो.

कलाबाई म्हणाली, "आता तुमी त्यायचे काढा, मंग ते तुमचे काढतील. लेकरायची गाडी आहे का संगीतखुर्ची?" तेही खरं. अन् ते टायर तुमच्या घरच्या आठवणीचे. फेका म्हणायले माझी जीभ रेटेना. म्हणून दोघायचाही मान राखला. माझे बटन टायर परत पुढं टाकले अन् मागचे जुने काढून तिथं तुमचे टाकले. मागच्या चाकाले तसंही काही काम नसते. इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं. मागचं चाक नुसतं सोबत येते.

सुनेनं मंग चहा आणला अन् म्हणाली, "मामाजी, पगार झाला की मी चारही सारखे टायर घेणार आहे. तोवर मागचे होते तेच राहू द्या ना." मी म्हटलं, "तू कायले डोकं लावतं? गाडी लोकेशले चालवायची आहे." ती लोकेशकडे पाहत राहिली. लोकेश मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. मंग ती कप घेऊन आत गेली. पटलं तिले.

आता मेहरबानी करा, गाडीले हात लावू नका.

तुमचा,
भैयालाल

---

नवेगाव बांध,
६ जुलै २०२४

भैयालालजी,

काऊन लपवलं?

काल बसस्टँडवर देवरीकडून आलेला एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला. म्हणाला, "गजभियेजी, तुमच्या जावयाची पांढरी गाडी दरेकसाच्या उतारावरून बांधीत गेली म्हणे." मी म्हटलं, कोणाची तरी दुसऱ्याची असेल. तो म्हणाला, "नाहीजी, मागून मासोळीचा वास मारते, तीच."

परका माणूस मले सांगते, अन् इवाई नाही सांगत! जावयाले किती लागलं? अल्का सोबत होती का? फोन लावला तं ती 'बरी आहो बाबा' म्हणते. त्याच्यापुढं काय म्हणते ते मले ऐकू येत नाही. तिच्या आवाजात काही आहे, एवढं ऐकू येते.

मागचे टायर माझे होते, हे मी विसरलो नाही. पुढचे तुमचे होते, हे तुमी विसरू नका. अन् ते पुढं-मागं असं वाटून देण्याची अक्कल कोणाची, तेही आठवा.

लगेच लिहा. दोन ओळी लिहा, पण खरं लिहा.

मनिराम

---

गोरेगाव,
११ जुलै २०२४

इवाईजी, जयभीम.

खरं लिहितो.

लोकेशले काही लागलं नाही. कारण लोकेश गाडीत नव्हता. लोकेशले गाडी येतच नाही.

हाव. येतच नाही. वर्षभर मले सांगून राहिला, मी सोडून देतो, मी घेऊन येतो. घरच्या अंगणातही त्यानं कधी गाडी पुढं घेतली नाही. इकडं येताना बसनं काऊन येता म्हटलं तं पेट्रोल वाचवतो म्हणे. कलाबाईले पहिल्यापासून माहीत होतं. "मले कायले नाही सांगितलं?" म्हटलं तं म्हणते, "तुमी कोणाचं ऐकता कधी? तुमी तं बोलता." गाडी अल्काच चालवते. एकटी, रोज, त्या डोंगरातून.

तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं आहे, प्लास्टर आहे. बाकी जीव वाचला. मी गेलो तं माझ्याशी चांगली बोलली, 'मामाजी बसा, चहा घ्या', पण टायरचं नाव काढलं की उठून जाते. गॅरेजवाल्याले मी बाजूले घेऊन विचारलं, कोणते टायर घसरले, पुढचे का मागचे? इवाईजी, मी कोणाचं नाव यावं म्हणून विचारत होतो ते तुमाले सांगायची गरज नाही. तो म्हणाला, "काका, पुढं एक जात अन् मागं दुसरी जात टाकली, मंग एकट्याचं नाव कसं घेऊ?"

पोराची लाज वाटते मले. त्याच्याशी बोलणं बंद आहे.

आता झालं ते झालं. माझं मत असं की गाडी विकून टाकावी. अल्कानं बदलीचा अर्ज द्यावा, रेल्वेनं जाता येईल अशा ठिकाणी. डोंगरात एकट्या पोरीनं गाडी नेणं काही बरं नाही. तुमी बाप म्हणून लिहा, मी सासरा म्हणून लिहितो. दोघायनं म्हटलं तं ऐकेल.

भैयालाल

---

नवेगाव बांध,
१४ जुलै २०२४

भैयालालजी, जयभीम.

तुमचं म्हणणं पहिल्यांदा पटलं. गाडी विकायची अन् बदली मागायची. मी तिले आजच लिहितो. माझी शपथ घालतो, नाही ऐकलं तं सोता येऊन बसतो.

मनिराम

---

आमगाव,
२१ जुलै २०२४

मामाजी आणि बाबा,
जयभीम.

दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. मजकूरही एकच. म्हणून उत्तरही एकच लिहिते आणि लोकेशकडून त्याची नक्कल करून घेते, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असं व्हायला नको. कृपा करून शेवटपर्यंत वाचा. मधातच रागावून गाडी पकडून येऊ नका.

त्या दिवशी काय झालं ते आजपर्यंत तुम्ही दोघांनीही मला विचारलं नाही. टायरला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं, एकमेकांना विचारलं. तर ऐका.

सकाळपासून झड लागली होती. वरच्या टोल्यात लस टोचून मी खाली येत होते, पुढे अजून दोन टोले बाकी होते. वळणावर एक वासरू रस्त्यात उभं दिसलं. मी वेगात नव्हते. ब्रेक हळूच दाबला. पुढची चाकं थोडी धरली आणि मागची सुटली. बाबा, तुम्ही आयुष्य रस्त्यावर काढलं, तुम्हाला कळेल. गाडीचा मागचा भाग माझ्या बाजूने पुढे येऊन राहिला होता. मी स्टेअरिंग उलटं फिरवलं, पण तेवढ्यात रस्ता संपला आणि गाडी बांध मोडून चिखल केलेल्या बांधीत गेली. धान रोवणाऱ्या बाया धावत आल्या. त्यांनी मला दारातून ओढून काढलं. एकीनं आपला पदर फाडून हात बांधला. वासरू तिथंच उभं होतं, मामाजी. तुमच्या टायरच्या आवाजाने काही ते बाजूला झालं नाही.

मागची चाकं नुसती सोबत येत नाहीत. उतारावर ब्रेक मारला की मागची चाकंच गाडी सरळ ठेवतात. मागचं रबर कडक झालं असेल आणि पुढचं वेगळं असेल, तर ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. तुम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि मी त्या मानावर बसून उतार उतरत होते.

आणि बाबा, तुमचे टायर पाहून मी त्या दिवशी रडले, ते तुम्हाला वाटलं त्यासाठी नाही. आईसाठी घेतलेले टायर तुम्ही मासोळीच्या गाडीतून माझ्यासाठी घेऊन आले होते आणि ते रस्त्यावर चालायचे नाहीत हे मला हात लावताच कळलं होतं. तुम्हाला ते सांगायचं कसं, म्हणून रडले. नाही सांगू शकले. मामाजींनाही एकदाच म्हटलं, जोर लावून नाही म्हटलं. लसीकरणाचे दिवस होते, पहाटे निघायचं आणि अंधारून आल्यावर परतायचं. पगार झाला की बदलू म्हणत राहिले.

आता दुसरी गोष्ट. लशीचा डबा चिखलात फुटला. त्या दोन टोल्यांत लस वेळेवर पोचली नाही. दुसरी मंडळी पोचेपर्यंत एका बाईच्या दोन म्हशी घटसर्पाने गेल्या. मी प्लास्टर घेऊन, एका सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तिच्याकडे गेले. वाटलं होतं, शिव्या देईल. तिने बसायला पाट दिला, पाणी दिलं, हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले दुसऱ्या कोणी गाडीत बसवून आणलं असतं तं बरं झालं असतं का वो? पण तुले आणणार कोण?"

तुम्हाला वाटते मी गाडी चालवते म्हणून असं झालं. त्या टोल्यांना बस जात नाही. मी गेले नाही तर तिथे कोणी जात नाही. म्हणून गाडी विकणार नाही. बदली मागणार नाही. बाबा, शपथ परत घ्या.

टायर मी घेतले आहेत. चारही. एकाच दिवशी, एकाच जातीचे. दुकानात जाऊन बसले, आणि दुकानदार लोकेशकडे पाहून बोलू लागला तेव्हा लोकेशच म्हणाला, "गाडी ह्या चालवतात, त्यांना विचारा." माझं जाणं बहुतेक डांबरावरून, शेवटचं थोडंसं मुरमाच्या वाटेनं. म्हणून गुटक्यांचे नको आणि शहरातले एकदम बारीक नक्षीचेही नको. मधात लांब खोल चर, पाणी बाहेर जायला, आणि कडेला जरा मोकळी नक्षी. साइज गाडीच्या दाराच्या आत लिहिलेली असते तीच. बनवल्याची तारीख वाचून घेतली. चरांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. हवाही दारावर लिहिली आहे तेवढीच. मामाजी, आधीचे पुढचे टायर कडेच्या आधी मधात घासून गुळगुळीत झाले होते, कारण तुम्ही दर वेळी येऊन 'अजून मार, अजून मार' म्हणून हवा भरवत होते.

लोकेशशी बोलणं बंद करू नका. तो खोटं बोलला, कारण तुमच्यासमोर 'मला गाडी येत नाही, बायकोला येते' म्हणायची त्याला हिंमत झाली नाही. आता शिकतो आहे. मी बाजूला बसून शिकवते. परवा मैदानावर गाडी सारखी बंद पडत होती, ओळखीचे लोक थांबून पाहत होते. तो खाली उतरला नाही. पुन्हा चालू केली.

यायचं असेल तर या. पण हातात टायर घेऊन येऊ नका.

तुमची,
अल्का

---

नवेगाव बांध,
१ सप्टेंबर २०२४

भैयालालजी,
सप्रेम जयभीम.

अल्काचं पत्र तुमालेही पोचलं असेल. तुमी त्याच्यावर मले काही लिहिलं नाही, मी तुमाले काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तिनं काही ठेवलंच नव्हतं.

परवा आमगावले गेलो. रिकाम्या हातानं. तिचं प्लास्टर निघालं आहे. मनगट अजून बारीक दिसते. सकाळी गाडी काढली, मी डाव्या बाजूच्या सीटवर बसलो. जावई मागं बसले. सालेकशाच्या पुढं पाऊस लागला. उतार आला तसा माझा पाय आपोआप दबत राहिला, जिथं ब्रेक असते तिथं. तिकडं काहीच नव्हतं, पाय नुसता पत्र्यावर. पोरगी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, पाय काढा. गाडीले भोक पडेल."

वळण आलं. मी म्हटलं, आता गिअर कमी कर. तिनं आधीच केला होता. मी म्हटलं, ब्रेक नको दाबू. ती दाबत नव्हतीच. मंग मी तोंड बंद केलं. वळणावर पाणी वाहत होतं, चाकं त्याच्यातून निघाली अन् मले काही कळलंच नाही. न कळणं म्हणजेच चांगला टायर, हे मी नव्या पोरायले डेपोत सांगत होतो.

टोल्यात पोचलो. म्हशीवाली बाई भेटली. तिनं आता एक पारडी आणली आहे, अल्कानं तिले लस टोचली. बाईनं मले पाहून विचारलं, "हे म्हातारबा कोण आणले वो डॉक्टरीणबाई?" अल्का म्हणाली, "माझे बाबा. टायर पाहायले आले." सगळ्या बाया हसल्या. मले राग आला नाही असं नाही. मी खाली उतरून टायरले हात लावून पाहत होतोच ना! कसं नाही पाहणार?

येताना पहिला काही रस्ता जावयानं गाडी चालवली. सपाटीवरून, बैलगाडीच्या चालीनं. तुमी बोला त्याच्याशी. पोरगा गाडी हळू चालवते, पण चालवते.

मंग अल्का बसली. आता तुमाले एक सांगतो, कलाबाईले सांगा, बाकी कोणाले सांगू नका. जिंदगीभर मी ड्रायव्हर राहिलो. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत माझा कधी डोळा लागला नाही. लग्नाच्या वरातीत नाही, अल्काच्या आईले नागपूरच्या दवाखान्यात नेलं त्या गाडीतही नाही. परवा पाऊस चालूच होता, उतार होता, अन् मले झोप लागली. चांगली, घोरण्याएवढी. अल्कानं खांद्याले हात लावून उठवलं तेव्हा आमगाव आलं होतं.

एक दिवस तुमीही जाऊन बसा. पण मागच्या सीटवर बसा, अन् हवा भरवायले कुठं थांबवू नका.

तुमचा,
मनिराम